फौजी काकांना निरोप द्यायचाय ना? मग ऐक गं

हे बघ, आधी बस आणि घोटभर पाणी पी. गावातले फौजी काका पहाटे गेले, घरात रडारड आहे, सरपंचांनी "मानवंदनेचं पोरींचा गट बघून घेईल" असं चारचौघांत सांगून टाकलं, आणि आता तुला घाम फुटलाय. बंदुका कुठून आणू, बिगुल कोण वाजवेल, तिरंगा कोणाकडे मागू, आणि हे सगळं उन्हं कलायच्या आत कसं होणार? खरं सांगू का, यातलं निम्मं तुला करायचंच नाहीये. उरलेलं निम्मं तू आणि तुझ्या मैत्रिणी नीट कराल. अख्ख्या गावाचा महाप्रसाद वाढणाऱ्या पोरी तुम्ही, तासाभराची शिस्त तुम्हाला जड नाही.

तुझ्या डोळ्यांसमोर काटोलच्या अंत्ययात्रेचं चित्र आहे, ते ठाऊक आहे मला. नायक भूषण सतई. १३ नोव्हेंबर २०२०, लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी काश्मीरच्या गुरेज सेक्टरमध्ये पाकिस्तानी माऱ्यात त्यांना वीरमरण आलं. वय अवघं २८. आपल्या नरखेडच्या शेजारचा तालुका, आपल्याच बोलीतला मुलगा, त्या दिवाळीत कित्येक घरांत दिवे लावायला हात उचलला नाही. कर्तव्यावर असताना जवान जातो तेव्हा सेना स्वतः त्याला घरी पोचवते. तिरंगा, पुष्पचक्र, शोक शस्त्र, हवेतल्या फैरी, सगळं ठरलेलं असतं आणि ते करणारी माणसंही ठरलेली असतात.

काकांचं तसं नाही गं. ते नोकरी पुरी करून गावी आले, पेन्शनवर आणि संत्र्याच्या बागेवर संसार केला, म्हातारे होऊन अंथरुणावर गेले. अशा माणसासाठी ती यंत्रणा आपोआप हलत नाही. म्हणून कुणी त्यांचा अपमान केला असं तू समजू नको, आणि घरच्यांनाही तसं वाटू देऊ नको. सरकारी गाडी आली नाही म्हणून मुलगा ओट्यावर बसून चिडलेला मी पाहिलाय. त्याला शांतपणे सांग, ही मानवंदना गावाची आहे आणि गाव इथंच आहे.

तरी पहिला फोन लावायचा तो नागपूरच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात. फोन करण्याआधी काकांचं डिस्चार्ज बुक शोधून हातात घे. काकूंच्या लोखंडी पेटीत, साड्यांच्या खाली, प्लास्टिकच्या पिशवीत असेल ते, बहुतेक घरांत तिथंच असतं. त्यात सैनिक क्रमांक, हुद्दा, पलटण, भरतीची आणि निवृत्तीची तारीख, मिळालेली पदकं, सगळं लिहिलेलं असतं. शौर्यपदक असेल तर फोनवर ते पहिल्या वाक्यात सांग, कारण त्यावरून पुढच्या गोष्टी ठरतात. शासकीय इतमाम द्यायचा की नाही हे शासन ठरवतं. ठरलं तर तहसीलदार आणि पोलीस येऊन त्यांचं काम ते करतील, तू बाजूला उभी राहा. नाही ठरलं, किंवा वेळेत उत्तर आलं नाही, तरी तू थांबू नको. वैशाखात आपल्याकडे मयत ताटकळत ठेवता येत नाही, आणि कामठीच्या लष्करी छावणीतून कुणी निघालं तरी नागपूर ओलांडून इथवर यायला वेळ लागतोच.

दुसरा फोन तालुक्यातल्या माजी सैनिकांना. नरखेड, मोवाड, जलालखेडा, सावरगाव, बेलोना, मेंढला, कुठंही विचार, एखादा निवृत्त हवालदार किंवा सुभेदार सापडतोच. एकाला कळलं की तो बाकीच्यांना सांगतो, ते त्यांचं आपसात पक्कं असतं. त्यांच्यातल्या सगळ्यात मोठ्या हुद्द्याच्या माणसाला मानाने विचार, "काका, हुकूम तुम्ही द्याल का?" बघ कसा चेहरा बदलतो. पाठ वाकलेली असते, गुडघे दुखत असतात, पण 'सावधान' म्हटल्यावर अशी ताठ होतात ही माणसं की आपणच ओढणी सावरतो. त्यांना ब्लेझर, टोपी, पदकं घालून यायला सांग. पदकं असतील ती सगळी, संकोच करू नका म्हणावं.

आता तिरंग्याचं. इथं मी तुला जरा दटावूनच सांगणार आहे, राग मानू नको. भारतीय ध्वज संहिता, २००२ आणि राष्ट्रीय प्रतिष्ठेच्या अवमानाला आळा घालणारा १९७१ चा कायदा या दोन्हींत स्पष्ट आहे की शासकीय, लष्करी किंवा निमलष्करी इतमामातल्या अंत्यविधीखेरीज ध्वज कुणाच्याही पार्थिवावर पांघरायचा नाही. या कायद्यात तीन वर्षांपर्यंत कैद आहे. गावातला एखादा उत्साही मुलगा पंधरा ऑगस्टला घेतलेला झेंडा घेऊन धावत येईल. प्रेमानेच आणेल बिचारा. त्याला रागावू नको, झेंडा परत घरी नेऊन नीट घडी घालून ठेवायला सांग. आणि इतमाम मंजूर झाला तर लक्षात ठेव, केशरी पट्टा डोक्याकडे येतो, आणि अग्नी देण्याआधी ध्वज काढून घेतात. तो चितेवर जळू द्यायचा नाही आणि दफन असेल तर खड्ड्यातही सोडायचा नाही. घाईत हे विसरायला होतं, म्हणून एकाच माणसावर ती जबाबदारी टाकून ठेव.

मग काकांच्या अंगावर काय? पांढरी स्वच्छ चादर, त्यावर फुलं, आणि शेजारी उशीवर मांडलेली त्यांची पदकं. मला विचारशील तर ही पदकंच त्या दिवसाची सगळ्यात मोठी गोष्ट असते. १९६५ च्या लढाईत असतील तर त्यांच्याकडे समर सेवा स्टार किंवा रक्षा मेडल सापडेल. १९७१ चे असतील तर पूर्वी स्टार, पश्चिमी स्टार, संग्राम मेडल. कित्येक घरांत ही पदकं नातवंडांच्या खेळण्यांत पडलेली असतात, एखाद्याची रिबन उंदराने कुरतडलेली असते. काही बिघडत नाही. मऊ कापडाने पुसून घे, घासू नको, लिंबू-चिंच तर अजिबात लावू नको. लाल किंवा निळ्या कापडाच्या उशीवर ओळीने मांड आणि एका शांत मुलीच्या हातात दे. तिने अंत्ययात्रेत तिरडीच्या पुढे चालायचं, आणि दिवस संपल्यावर उशी काकूंच्या हातात द्यायची. मधे कुणी फोटोसाठी मागितली तरी हातची सोडायची नाही, हे तिला दोनदा बजाव.

बंदुका विसर. हवेत फैरी झाडायचं काम पोलिसांचं किंवा सेनेचं. कुणी म्हणेल, माझ्या काकाकडे परवान्याची बंदूक आहे, तर त्याला हात जोडून घरी पाठव. फटाकेही नकोत, डीजे तर नकोच नको. मुलांना बाजारातले हिरवे ठिपक्यांचे कपडे घालून उभं करू नको. ती वर्दी ज्यांनी कमावली ते आलेत, त्यांच्या शेजारी शाळेचा पांढरा गणवेश जास्त शोभतो. कॉलेजात एनसीसी असेल तर कॅडेट मुलामुलींना जरूर बोलाव, त्यांना कवायत येते आणि वर्दीचा हक्कही आहे. त्यांच्यात कुणाला बिगुल येत असेल तर सोन्याहून पिवळं. 'लास्ट पोस्ट' ही धून मुळात ब्रिटिश फौजेत दिवस संपला, पहारे तपासून झाले हे सांगायला वाजवत. हळूहळू ती सैनिकाच्या शेवटच्या निरोपाची झाली. बिगुल नसेल तर मोबाइलवर लावायची घाई करू नको. मधेच जाहिरात वाजली की सगळं ओम्फस्. त्यापेक्षा दोन मिनिटं स्तब्धता ठेव. हुकूम देणारे काका "सावधान" म्हणतील, मग दोन मिनिटं, मग "विश्राम". पुरेसं आहे गं. खरंच पुरेसं आहे.

आता बघ, ही मानवंदना कुठं द्यायची? सगळे म्हणतील मोक्षधामात. मी म्हणते, घराच्या अंगणात. आपल्याकडे बऱ्याच घरांत बायका मोक्षधामात जात नाहीत. काकू मागेच राहतात, दाराशी, चार बायकांनी धरून ठेवलेल्या. ज्या बाईने वर्षानुवर्षं नवरा सीमेवर असताना एकटीने लेकरं वाढवली, सासू-सासऱ्यांचं केलं, बागेला पाणी दिलं, टपालाची वाट पाहिली, तिला तो मान दिसतच नाही. ती फक्त मागून ऐकते, "फार छान झालं म्हणे". असं होऊ देऊ नको. तिरडी उचलण्याआधी अंगणात जागा कर, काकूंना खुर्ची दे, पुष्पचक्र तिथंच वाहू दे, सलामी तिथंच होऊ दे. पुष्पचक्र पहिलं कुणाचं यावरून पुढारी मंडळींत रुसवेफुगवे होतात. तू आधीच कागदावर क्रम लिही: घरचे, माजी सैनिक, गाव, मग बाकीचे. तुझा आवाज कापेल, कापू दे. कागद वर धरून वाच, कागदाशी कुणी भांडत नाही.

आणि काकूंना किंवा लेकींना मोक्षधामात यायचं असेल तर त्यांना कुणी अडवायचं नाही. लेक अग्नी देणार म्हणत असेल तर तिच्या बाजूने उभी राहा. तुझ्या गटातल्या मुलींनाही मी हेच सांगते, सलामीच्या ओळीत उभं राहायला मुलगा असावं लागत नाही. आता मुली सैन्यात अधिकारी होताहेत, अग्निवीर म्हणून भरती होताहेत. नरखेडच्या अंगणात ताठ उभं राहायला काय हरकत आहे?

शोकसभेचं एक सांगून ठेवते. अग्नी दिल्यावर मंडळी सावलीला बसतात आणि भाषणं सुरू होतात. जो उठतो तो "त्यांचे आमचे घरगुती संबंध होते" इथून सुरू करतो आणि स्वतःवर येऊन थांबतो. तू त्याआधी माइक घे. डिस्चार्ज बुकातून काढलेलं चार-पाच ओळींत वाच: नाव, हुद्दा, पलटण, कोणत्या साली भरती, कुठं कुठं नोकरी, कोणती लढाई, कोणती पदकं, कधी निवृत्त. विशेषणं नकोत. हुद्दा मात्र अचूक हवा. नायक असेल तर नायक, नायब सुभेदार असेल तर नायब सुभेदार. गावात सगळ्यांना सरसकट 'मेजरसाब' म्हणायची सवय आहे, पण त्या दिवशी समोर माजी सैनिक बसलेले असतात आणि त्यांना एकेका फितीचा अर्थ कळतो. बॅनर छापणाऱ्यालाही 'माजी सैनिक' असंच छापायला सांग, नाहीतर तो जुन्या बॅनरवरचं 'शहीद' तसंच ठेवतो. आणि वाचताना समोर बघ. ज्यांना काका फक्त बांधावर भांडणारे म्हातारे म्हणून माहीत होते ते लोक ऐकताना कसे गप्प होतात ते दिसेल तुला.

माणसं कमी आली तर, हा प्रश्न तू विचारलास. मुलगी सुरतेला, भाऊबंदांशी बोलणं नाही, कोण येईल? अगं, आपल्या तालुक्याला दुसऱ्याच्या मरणाला धावून जाणं शिकवावं लागत नाही. ३० जुलै १९९१ ला वर्धा नदीच्या पुराने मोवाड बुडालं तेव्हा कुणी नातं विचारलं नव्हतं. इंग्लंडमधली एक गोष्ट सांगते. हॅरल्ड पर्सिव्हल नावाचे ९९ वर्षांचे गृहस्थ, दुसऱ्या महायुद्धात तिथल्या हवाई दलाच्या बॉम्बर कमांडमध्ये जमिनीवरच्या तुकडीत काम केलेले, २०१३ साली वारले. लग्न नाही, मूल नाही. अंत्यविधीला कुणी जवळचं येणार नाही म्हणून वर्तमानपत्रात लहानशी सूचना दिली, शक्य असेल त्यांनी यावं अशी. ११ नोव्हेंबरला, म्हणजे तिथल्या युद्धस्मृतिदिनी, त्यांना कधीही न भेटलेली शेकडो माणसं पावसात येऊन उभी राहिली. अमेरिकेत तर २००० सालापासून कायदाच आहे, घरच्यांनी मागणी केली की माजी सैनिकाच्या अंत्यविधीला गणवेशातले किमान दोन जण येतात, ध्वजाची घडी घालून घरच्यांना देतात. आपल्याकडे गावाने हे अंगावर घ्यायचं. सूचना तूही दे. ग्रामपंचायतीच्या भोंग्यावर, व्हॉट्सअ‍ॅपच्या गटांवर, शाळेच्या फळ्यावर: अमुक वाजता, अमुक अंगणात, माजी सैनिकाला मानवंदना, सर्वांनी यावे. वेळ लिही, आणि वेळ पाळ. फौजी माणसाच्या निरोपाला उशीर शोभत नाही.

खर्चाची चिंता नको करू. पुष्पचक्र नागपूरहूनच आणायला पाहिजे असं काही नाही. झेंडू, शेवंती, कडुनिंबाची डहाळी, बांबूची कामटी, सुतळी. तुझ्या गटातल्या दोन बायका तासाभरात बांधतील. पिण्याच्या पाण्याचे कॅन आणि म्हाताऱ्या सैनिकांना बसायला खुर्च्या, एवढे मात्र आधी सांगून ठेव.

आता खरी गोष्ट. तेरवी झाली, पाहुणे गेले, की काकू एकट्या उरतात, आणि खरं सांगू का, तुझ्या गटाची गरज तेव्हा सुरू होते. मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत करून घे आणि दाखल्याच्या जास्तीच्या प्रती काढून ठेव. काकांची पेन्शन मृत्यूनंतरही एखाद्या महिन्यात खात्यावर जमा होईल. ती एटीएमने काढू नका म्हणून मुलाला आधीच सांग, कारण ते पैसे परत वसूल होतात आणि त्यात काकूंचं प्रकरण अडकतं. बँकेला लगेच कळवायचं आणि फॅमिली पेन्शनचा अर्ज करायचा. पीपीओ (पेन्शन मंजुरीचा कागद), डिस्चार्ज बुक, आधार, पासबुक, दाखला, हे सगळं एका फायलीत लाव आणि मूळ कागद कुणाच्याही हाती सोडून येऊ नको.

सगळ्यात जास्त अडतं ते नावापाशी. लग्न झालं तेव्हा काकांनी पलटणीत बायकोचं नाव एक लिहिलं, आधारवर दुसरं आलं, कुठं 'बाई' लागली, कुठं वडिलांचं नाव राहिलं, जन्मतारीख तर अंदाजेच. मग काकूंना वाटतं आपली पेन्शन गेली. गेलेली नसते गं. प्रतिज्ञापत्र, जुनी कागदपत्रं, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची मदत आणि रेकॉर्ड ऑफिसशी पत्रव्यवहार, एवढं केलं की सुटतं. महार रेजिमेंट असेल तर ते सागरला, मराठा लाइट इन्फंट्री असेल तर बेळगावला, ब्रिगेड ऑफ द गार्ड्स असेल तर आपल्या कामठीलाच. फॅमिली पेन्शन मिळणाऱ्या पत्नीला ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचे उपचार आणि कॅन्टीनची सोय चालू राहते, आणि ग्रामपंचायतीच्या घरपट्टीतली माजी सैनिकांची सूट सैनिकाच्या विधवेलाही आहे. हे काकूंना कुणी सांगत नाही. तू सांग. आणि एकटीला तालुक्याला पाठवू नको, तुझ्यातली एक जण सोबत जाऊ दे, डबा घेऊन.

हे आटोपलं, दोन दिवस झोप काढलीस, की एक काम कर. गावातल्या हयात माजी सैनिकांची यादी बनव. १९७१ च्या डिसेंबरात जे विशीत होते ते आज पंचाहत्तरीच्या घरात आहेत, जास्त वेळ नाही आपल्याकडे. प्रत्येकाच्या घरी जा, चहा घे, डिस्चार्ज बुक बघ, पदकं कुठं ठेवलीत विचार. आणि त्यांच्या समोरच त्यांच्या पत्नीचं नाव सगळ्या कागदांवर सारखं आहे का ते तपास, म्हणजे ते असतानाच दुरुस्त होईल. दरवर्षी १४ जानेवारीला माजी सैनिक दिन असतो, फील्ड मार्शल करिअप्पा १९५३ साली त्या दिवशी निवृत्त झाले म्हणून. त्या दिवशी ग्रामपंचायतीत सगळ्यांना बोलाव आणि आज शोकसभेत काकांचं जे वाचणार आहेस तसंच प्रत्येकाचं त्यांच्या समोर, त्यांच्या कानांवर पडेल असं वाच.

आता ऊठ. डिस्चार्ज बुक माग, काकूंनी सकाळपासून काही खाल्लंय का ते बघ, आणि पहिला फोन लाव.